उसन्या घरातली झोप

मानसशास्त्राची बाई म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, वेड्यांची भीती नाही का वाटत? आणि दोन, माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते सांगा बघू. पहिल्याचं उत्तर असं की उभ्या नोकरीत मी एकाही मनोरुग्णावर उपचार केले नाहीत. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच असतं, पण ते सांगून संबंध बिघडवण्यात अर्थ नसतो.

माझं काम म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसांचा अभ्यास करण्याची नोकरी. माणूस कामावर किती दमतो, दमून घरी गेला की बायकापोरांशी कसा वागतो, घरचा ताण घेऊन कामावर आला की काय होतं, हे शोधायचं आणि जमेल तितकं मोजायचं. हल्ली या विषयाला भारदस्त नावं आहेत. कंपन्यांत त्यावर दिवसभराच्या कार्यशाळा होतात आणि शेवटी बुफे जेवण असतं. आम्ही सुरुवात केली तेव्हा कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन मला 'डोकं तपासायला आलेल्या मॅडम' म्हणायचा आणि आत फोन करून विचारायचा, "किसका तपासना है?"

ऐंशीचं दशक सरून नव्वदचं लागलं त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एक प्रकल्प हाती घेतला होता. मॅडम म्हणजे नाकावर चष्मा, पायात कोल्हापुरी चपला आणि वाक्य अर्धवट सोडणाऱ्या माणसाबद्दल मनस्वी राग. प्रकल्पात दोन गट होते. एक गट मुंबईतल्या खोल्या विकून मीरा रोडला फ्लॅट घेतलेल्या ऑफिसवाल्यांचा, दुसरा भाईंदरच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगारांचा. दोन्ही गटांतल्या माणसांचं काम आणि घर एकमेकांना कसं खेचतं, हा विषय. मी लग्न होऊन मीरा रोडच्याच सिल्व्हर पार्कात राहायला आले होते. "तू तिथेच राहतेस, म्हणजे तुझ्या दगदगीचा प्रश्न नाही," असं म्हणून मॅडमनी दोन्ही गट माझ्या गळ्यात घातले.

हत्यारं दोन. पहिलं प्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला 'नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही' यांतलं एक उत्तर निवडायचं. एका ऑपरेटरने सुरक्षित मार्ग म्हणून सगळ्यालाच 'कधीकधी' म्हणायचं ठरवलं होतं. लग्न झालंय का, यालाही तो 'कधीकधी' म्हणाला. दुसरं हत्यार म्हणजे एक लाकडी पेटी. तिच्यावर लाल आणि हिरवा असे दोन दिवे. लाल लागला की बटण दाबायचं, हिरव्याला दाबायचं नाही. माणसाला दिवा दिसल्यापासून त्याचं बोट हलेपर्यंत किती वेळ गेला, ते पेटी सांगायची. झोप झालेल्या माणसाचं बोट दिव्यामागोमाग हलतं. न झालेल्याला दिवा दिसतो, कळतो, पण निरोप बोटापर्यंत पोचायला उशीर होतो. त्या माणसाला स्वतःला हा उशीर जाणवतही नाही. तो शपथेवर सांगतो की मी ठणठणीत आहे.

मी ज्या कारखान्यात जायचे तिथे प्लास्टिकच्या बादल्या आणि आंघोळीचे मग बनायचे. मोल्डिंग मशीनचा साचा उघडतो, ऑपरेटर पुढची जाळी सरकवून गरम बादली बाहेर काढतो, जाळी लावतो, साचा परत मिटतो. जाळी उघडी असेपर्यंत साचा मिटू नये म्हणून तिथे एक स्विच असतो. पण माल भराभर निघावा म्हणून तो स्विच बऱ्याच मशीनवर तारेने बांधून ठेवलेला असायचा. म्हणजे हात बाहेर येण्याची जबाबदारी सर्वस्वी हाताच्या मालकावर. बोटाचा उशीर मोजणाऱ्या माझ्यासारखीला ते बघवत नसे.

रात्रपाळी सुटली की सकाळी कँटीनच्या कोपऱ्यात मी पेटी मांडून बसायचे. रात्रपाळीवाल्यांचे आकडे वाईट येणार हे ठरलेलंच. माणूस रात्री जागू शकतो. खरा प्रश्न दिवसा झोपण्याचा. ऊन, डास, रेडिओ, पोरं, पाहुणे. पण काही जणांचे आकडे दिवसपाळीवाल्यांच्या तोडीचे येत होते. त्यांत अनंत शिगवण होते. रत्नागिरीकडचे, चाळिशीचे, सडपातळ, बोलायला कमी. दिवा लागायचा अवकाश, बोट खाली. "दिवसा झोप लागते?" मी विचारायचे. "लागते की." "मध्ये जाग येते?" "कशाला येईल?"

मी आकडे मॅडमसमोर ठेवले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एक तर हे लोक खोटं सांगताहेत किंवा तू चुकीचं मोजतेस. हे सगळे राहतात कुठे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते सगळे एकाच चाळीत राहत होते. नवघरच्या बाजूला, मिठागरांच्या कडेला असलेली पत्र्याची बैठी चाळ. तिथे झोप लागणं तर सोडाच, धड बसायला जागा नसेल असं मला वाटलं होतं.

भर दुपारी गेले. चाळीच्या तोंडाशी पोचले. वाटलं, कोणीतरी गेलंय. बायका दारांत होत्या, पोरं अंगणात होती, पण आवाज नव्हता. पोरं घडी घातलेल्या गोधडीवर सागरगोटे खेळत होती, गोटा पडला तरी वाजू नये म्हणून. एक भाजीवाली टोपली घेऊन आली. तिने हाक मारली नाही, नुसती मधोमध उभी राहिली. बायका आपणहून पुढे आल्या आणि बोटांनी भाव ठरले. इद्रिस मास्टर नावाचे शिंपी मशीनवर कापड झाकून हाताने काजं करत बसले होते. एका घरात भात उघड्या पातेल्यात शिजत होता. मी "शिगवण..." एवढं म्हणते तोच एका बाईने माझं मनगट धरलं आणि मला चाळीच्या मागे नेलं. त्या शिगवणांच्या पत्नी, सुलोचना. चाळीत त्यांना सगळे सुलूवहिनी म्हणायचे.

"ते झोपलेत," त्या कुजबुजल्या. "चारी घरातले रातपाळीवाले झोपलेत."

"पण सगळी चाळच गप्प कशी?"

"मग काय ओरडायचं?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "रातच्याला मशीनवर हात घालतात ना ती माणसं."

"कुकर नाही लावत तुम्ही?"

"शिटी होते ना. सकाळी लावतो, नायतर संध्याकाळी. दुपारी पातेलं."

हे कोणी सुरू केलं, ते मी प्रत्येकाला विचारलं. सुलूवहिनी म्हणाल्या, इद्रिस मास्टरांनी आधी मशीन बंद ठेवली, त्यांना बघून आम्ही. इद्रिस मास्टर म्हणाले, "नहीं जी, मैं तो बाद में आया. यहाँ पहले से ऐसा ही था." पलीकडच्या गुजराती आजी म्हणाल्या, आ तो सुलूए चालू कर्यू. कोणीच श्रेय घेईना. त्या चाळीत तंटे नव्हते असं नाही. सकाळी नळावर जी भांडणं व्हायची ती मी पुढे ऐकली आहेत, कानांत बोटं घालावी अशी. पण सकाळचं भांडण दुपारी थांबायचं आणि संध्याकाळी जिथे सोडलं तिथून पुढे सुरू व्हायचं.

मी त्या अंगणात किती वेळ उभी होते, आठवत नाही. मी मोठ्या ग्रंथालयांत बसले आहे, देवळांच्या गाभाऱ्यांत उभी राहिले आहे. तिथली शांतता त्या जागेचीच असते. इथली शांतता माणसं हाताने तयार करत होती, रोज, पत्र्याच्या छपराखाली. चार दारांआड चार माणसं झोपली होती आणि बाकी सगळे त्यांच्या झोपेभोवती कडं करून जगत होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रश्नावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाल्या, "आपल्या प्रश्नावलीत शेजाऱ्यांबद्दल एकही प्रश्न नाही, नाही का?"

तो प्रश्न आम्ही घालणार, इतक्यात चाळीलगतच्या खाजणात भराव पडला आणि पायलिंगचं यंत्र आलं. मीरा-भाईंदरमध्ये त्या वर्षांत ठिकठिकाणी हेच चाललं होतं. जमीन दलदलीची, इमारत उभी करायची तर आधी खांब खोल ठोकावे लागतात. लोखंडी वजन वर जायचं आणि धाडकन खाली यायचं. चाळीच्या पत्र्यांना झिणझिण्या यायच्या, मांडणीवरची भांडी सरकायची. सकाळी सुरू व्हायचं ते दिवस मावळेपर्यंत.

सुलूवहिनी आणि इद्रिस मास्टर साइटवरच्या इंजिनियरला भेटले. मीही सोबत होते. इंजिनियर तरुण होता, अदबीने बोलला. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "भाभीजी, परमिशन है. और हम तो सिर्फ दिन में काम करते हैं. रात को किसी को तकलीफ न हो, इसका पूरा खयाल रखते हैं."

बाहेर आल्यावर सुलूवहिनी म्हणाल्या, "माणूस वाईट नाय हो. त्याला काय म्हाईत, आमची रात कधी असते ते."

त्यानंतर रोज सकाळी कँटीनमध्ये मी जे पाहत होते ते माझ्या कामातलं सगळ्यांत वाईट पाहणं होतं. शिगवणांचा दिवा लागायचा आणि बोट खाली जायचं नाही. क्षणभर. मग जायचं. दुसऱ्या दिवशी तो क्षण थोडा लांबायचा. हिरव्या दिव्यालाही ते बटण दाबायला लागले. विचारलं की म्हणायचे, "बरं आहे की." खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. पेटीला कळत होतं आणि मला.

एका सकाळी ते आले आणि त्यांनी माझ्यासमोर टेबलावर आपला हातमोजा ठेवला. जाड कापडाचा मोजा. त्याची बोटं इस्त्री केल्यासारखी चपटी झाली होती.

"हात?" मी ओरडलेच.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. धड होते. "मोजा सैल होता म्हणून," ते म्हणाले. "हात निघाला, तो राहिला." मग पेटीकडे बघून म्हणाले, "आज हा खेळ नको, मॅडम. घरी जातो."

त्याच दिवशी मी मॅडमकडे गेले. आपण मालकाला सांगू, बिल्डरला सांगू, काहीतरी करू, असं बरंच बोलले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपण मोजायला गेलोय. थर्मामीटरने ताप उतरवायचा नसतो. मालकाला मी पत्र लिहिते, स्विच सोडवायला सांगते. त्यापुढे आपण हात घातला तर आपला अभ्यास, अभ्यास राहत नाही." नियम म्हणून ते बरोबर होतं. मी तो नियम पुढे कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलाय. मालकाने स्विच सोडवले, तारा काढल्या, आणि आठवडा संपायच्या आत त्या परत दिसू लागल्या.

रविवारी ऑफिसवाल्यांच्या गटाच्या मुलाखती असायच्या. त्या रविवारी मीरा रोडच्याच पूनम सागर सोसायटीतल्या देवस्थळींची पाळी होती. मधुकर देवस्थळी फोर्टातल्या विमा कंपनीत हेडक्लार्क, पत्नी विजया टेलिफोन ऑपरेटर. मुलगा बाहेरगावी शिकायला. आमच्या सगळ्या नमुन्यात देवस्थळींसारखं कटकट करणारं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. प्रत्येक प्रश्नावर उलट प्रश्न. "कामामुळे घरच्यांवर चिडता का, हे तुम्हाला कशाला हवंय?" "ही माहिती कोण वाचणार?" "माझ्या चिडण्याचा देशाला काय उपयोग?" त्यांच्या दाराला तीन कड्या होत्या. मागच्या वेळी त्यांनी माझं ओळखपत्र उजेडाकडे धरून पाहिलं होतं.

त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. 'तुम्हाला पुरेशी विश्रांती मिळते का' या प्रश्नाशी मी अडखळले.

"काय झालं?" देवस्थळींनी विचारलं. "माझ्याआधी तुम्हीच उत्तर द्यायला लागलात की काय?"

नाव न घेता मी त्यांना मोज्याची गोष्ट सांगितली. चाळीची, पायलिंगची. विजयाताई चहा हातात धरून उभ्याच राहिल्या.

"मग तुम्ही काय केलंत?" देवस्थळी म्हणाले.

"आम्ही नोंद करतो."

"म्हणजे काही नाही."

ते उठून आत गेले. मला वाटलं, मुलाखत संपली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होती.

"अहो!" विजयाताई म्हणाल्या.

"आपण दोघं उजाडताना जातो ते दिवेलागणीला येतो," देवस्थळी त्यांना म्हणाले. "दिवसभर हे घर काय करतं? उकडत बसतं नुसतं. इथे चिटपाखरू नसतं दुपारी." मग माझ्याकडे वळून, "पण मी माणूस आधी बघणार. असा कोणालाही नाही."

ती भेट झाली. देवस्थळी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, शिगवणही इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, सोबत सुलूवहिनी. मुलाखती घेण्यात माझी हयात गेली, पण अशी मुलाखत मी घेतली नाही.

"विडी?"

"नाय."

"दारू?"

"शिमग्याला, गावी गेलो तर."

"घोरता?"

शिगवणांनी बायकोकडे पाहिलं. "घोरतो."

"बरं आहे. खोटं बोलत नाही," देवस्थळी मला म्हणाले. मग त्यांनी शिगवणांना घरभर फिरवलं. बाथरूमचा नळ डावीकडे पिळू नका, तो सुटतो. रेडिओला हात लावायचा नाही, तो स्टेशनावर लावलेला आहे. पंखा तीनवर ठेवा, चारवर आवाज करतो. शेवटी पलंग दाखवला. "इथे झोपा."

"खाली झोपतो, साहेब. चटई आणलीय."

"पलंगाला काय झालंय?"

"पलंगाला काय नाय झालेलं," शिगवण म्हणाले. "पण तो तुमचा आहे."

पहिल्या दिवशी सुलूवहिनी दाराबाहेर जिन्यात बसून राहिल्या. कोणी विचारलं की हा माणूस कोण, तर सांगायला घरचं माणूस पाहिजे म्हणून. आत शिगवण टक्क जागे. परक्या घराचा वास, परकं घड्याळ. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी डोळा लागला तो सुलूवहिनींनी उठवेपर्यंत. त्यानंतरच्या सकाळी कँटीनमध्ये लाल दिवा लागला आणि बोट खाली गेलं, आणि मला, संशोधकाला शोभणार नाही असं, रडू आलं. "काय झालं?" शिगवणांनी घाबरून विचारलं. "चुकलं काय?"

पूनम सागरच्या सोसायटीत अर्थातच गहजब झाला. सेक्रेटरी दारात आले. "देवस्थळी, रोज कोणी तरी तुमच्या घरात येतंय." "येतंय नव्हे, झोपतंय. माझे पाहुणे आहेत." "रोज?" "मुक्कामी पाहुणे माहीत नाहीत का तुम्हाला?" ज्या माणसाने माझं ओळखपत्र उजेडात धरलं होतं, तो शिगवणांसाठी जिन्यात उभा राहून सेक्रेटरीशी भांडत होता. आणि त्या भांडणातूनच बातमी पसरली. वरच्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने विचारलं, अजून कोणी आहे का असं? मग सिल्व्हर पार्कातल्या आमच्याच इमारतीतल्या एका जोडप्याने किल्ली दिली. आमचं घर मला देता येत नव्हतं. घरात सासूबाई होत्या आणि तान्हं बाळ होतं. पण सासूबाईंनी दुपारचा रेडिओ बंद केला, शेजारी माणूस झोपलंय म्हणून. चौघांनाही जागा मिळाली. सकाळी ऑफिसवाले घराबाहेर पडायचे आणि थोड्या वेळाने दमलेली माणसं चटई बगलेत मारून यायची. ज्या घरांची दिवसा कोणाला गरज नव्हती, त्यांत दिवसाची सगळ्यांत जास्त गरज असलेली माणसं झोपू लागली.

मीरा रोडला त्या काळी पाण्याचे हाल होते. पाणी दुपार कलताना यायचं, थोडा वेळ. नोकरी करणाऱ्यांच्या घरी तेव्हा कुलूप. विजयाताई रोज संध्याकाळी येऊन तळमजल्यावरच्या टाकीतून कळशा वर न्यायच्या. शिगवण उठायची आणि पाणी यायची वेळ एकच. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी विजयाताईंनी दार उघडलं तर पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण, चटईची घडी कोपऱ्यात, रेडिओवर धूळ तशीच, म्हणजे हात न लावलेला. त्या मला म्हणाल्या, "मी चप्पल न काढता खुर्चीत बसले. किती वर्षांनी संध्याकाळी नुसती बसले, सांगू?" पुढच्या मुलाखतीत त्यांची उत्तरं बदलली होती. 'घरी आल्यावर लगेच चिडचिड होते' याला 'नेहमी' होतं, ते 'कधीकधी'वर आलं. देवस्थळींचं मात्र 'नेहमी'च राहिलं. "मी चिडतो तो स्वभावाने," ते म्हणाले. "त्याचा पाण्याशी संबंध नाही."

मॅडमना मी सगळं सांगितलं, लपवण्यासारखं नव्हतंच. त्या स्वतः आल्या. चाळ पाहिली, पायलिंग ऐकलं, पूनम सागरच्या जिन्यात उभ्या राहून बंद दारांकडे बघत राहिल्या. "ही सगळी माणसं अभ्यासातून काढावी लागतील," त्या म्हणाल्या. "हे तूही जाणतेस." मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "लोक कामात आणि घरात तोल कसा सांभाळतात हे शोधायला आपण निघालो. एकट्या माणसाला विचारत बसलो आणि..." त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं, अर्धवट. त्यांच्या तोंडून तसं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अहवालात यातलं काहीच आलं नाही. त्याची रुखरुख मला निवृत्तीपर्यंत राहिली. नंतर मोठमोठ्या कंपन्यांचे अभ्यास केले, तिथे विश्रांतीच्या खोल्या असायच्या, मऊ खुर्च्या असायच्या, आणि माणसं दमलेलीच असायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, यांच्या झोपेभोवती कडं करणारं कोणी आहे का, ते आधी विचारावं. नव्वदचं दशक संपता संपता तो कारखाना गुजरातच्या हद्दीत गेला, चाळीच्या जागी इमारती आल्या. इद्रिस मास्टरांनी स्टेशनजवळ दुकान टाकलं. शिगवण आणि सुलूवहिनी गावी गेले. दहाही बोटं घेऊन गेले, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

पण डोळे मिटले की मला त्या वर्षांतली एकच दुपार दिसते.

पायलिंग अजून चालू होतं. मी काही कामाने पूनम सागरला गेले होते. जिना चढून वर आले तर देवस्थळी स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसलेले. ऑफिसची बॅग मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे लाल. कपाळाला हात न लावताही कळत होतं की अंगात सणसणून ताप आहे. भर दुपारी ऑफिसातून घरी यायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

"अहो, काय झालं? किल्ली विसरलात?"

त्यांनी मूठ उघडून किल्ली दाखवली. मग ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलाय," ते कुजबुजले.

"मग? तुमचं घर आहे. आत जाऊन पडा. त्यांना काही वाटणार नाही."

"तीन कड्या आहेत," देवस्थळी म्हणाले. "आतून लावल्यात. दार वाजवलं की जाग येईल त्याला."

"माझ्याकडे चला, इथून जवळ आहे."

"तुमच्याकडे लहान बाळ आहे. ताप घेऊन कुठे येऊ?" त्यांच्या अंगात कापरं भरलं होतं. त्यांनी बॅग छातीशी धरली. "होईल थोड्या वेळात. पाण्याच्या वेळेला उठतोच तो. त्याला आज रात्री मशीनवर जायचंय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. माझा पदर त्यांच्या खांद्यावर टाकावा असं वाटलं, पण तो त्यांना चालला नसता. जिन्याच्या जाळीतून ऊन येत होतं. लांबवर मिठागरांच्या दिशेने वजन खाली पडल्याचा आवाज यायचा, इथपर्यंत येता येता मऊ झालेला. दोन्ही बाजूंची दारं बंद. एकदा खालून एक बाई मोठ्याने बोलत वर येऊ लागली, तर देवस्थळी तापात उठले, कठड्यावरून वाकले आणि त्यांनी तिला हाताने गप्प केलं. मग परत भिंतीला टेकून बसले. मी घड्याळ पाहिलं नाही. माझ्यासारख्या मोजणाऱ्या बाईने त्या दुपारी काहीही मोजलं नाही.

शेवटी आतून हालचाल ऐकू आली. एकेक कडी निघाली, दार उघडलं. शिगवण बनियनवर, डोळे चोळत, केस विस्कटलेले. चेहऱ्यावर चटईचे वळ. समोर घरमालक पायरीवर बसलेला बघून ते जागच्या जागी थिजले.

"साहेब! कधी आलात? कधीपासून बसलाय इथे?"

देवस्थळी कठड्याला धरून उभे राहिले, शर्ट नीट केला.

"आत्ताच," ते म्हणाले. "आत्ताच आलो."